मोडीत मजुरी धरत नाहीत

दुकानदाराने पातेलं उलटं केलं, बुडावर बोटाने टकटक केलं, आवाज ऐकला आणि ते बाजूला सरकवलं. मग तांब्याचं घंगाळ हातात घेतलं. त्याच्या कड्या पितळेच्या होत्या. छिन्नी लावून दोन-चार ठोक्यांत त्याने त्या उडवल्या, कारण तांब्याचा भाव वेगळा आणि पितळेचा वेगळा. कड्या एका ढिगात गेल्या, घंगाळ दुसऱ्या ढिगात. साठ-पासष्ट वर्षं एकत्र राहिलेले दोन धातू वेगळे व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

घंगाळाच्या अंगावर सगळीकडे बारीक ठोके होते. एकाला एक लागून, ओळीत, काठापासून बुडापर्यंत. मी विचारलं, "या कामाचे काही मिळत नाहीत का?"

तो हसला. चांगला माणूस होता, चिडला नाही. "मोडीत मजुरी धरत नाहीत, दादा. नवं घेताना धरतात."

आजी जाऊन वर्ष झालं होतं. वाईतल्या वाड्यातल्या तिच्या दोन खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. बाबा आणि काका कागदपत्रांच्या मागे होते. भांड्यांचं काम आई आणि माझ्याकडे आलं. दोन पोती भरून आम्ही बाजारात आलो होतो. शेवटी मी पोत्यातून विळी काढली, तेव्हा दुकानदाराने हातच आखडता घेतला. "लोखंड आम्ही घेत नाही. भंगारवाल्याला द्या." भंगारवाला काही आम्हाला भेटला नाही. त्यामुळे विळी आमच्याबरोबर पुण्याला आली. एक पातेलंही मी ऐनवेळी परत मागून घेतलं. का, ते पुढे सांगतो.

त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आहे. मोडीत मजुरी धरत नाहीत. 'मोडीत काढणं' हा शब्दप्रयोग आपण बातम्यांत रोज वाचतो. तो समोर घडताना मी पहिल्यांदाच पाहिला. नवं भांडं घेताना आपण धातूचं वजन आणि माणसाचं काम अशा दोन गोष्टींचे पैसे देतो. मोडीत घालताना त्यातली दुसरी गोष्ट शून्य होते. हिशेबाने ते चूकही नाही. तांबं वितळवलं तरी तांबंच राहतं. त्याची उद्या नवी कळशी होईल किंवा विजेची तार होईल. काहीच वाया जात नाही. तरीही दुकानातून बाहेर पडताना आपण काहीतरी गैर केलं असं मला वाटत होतं. हा लेख त्या वाटण्याबद्दल आहे. एखाद्या वस्तूचं आपण काही देणं लागतो का? की ही फक्त जुन्या गोष्टींची हळवी ओढ आहे?

आधी वस्तूंकडे नीट बघू.

विळी घ्या. सुरीने चिरताना भाजी जागेवर असते आणि पातं हलतं. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. एवढ्या एका उलटापालटीने सगळं बदलतं. पाट पायाखाली दाबून बसलं की आपल्या अंगाचं वजनच विळीला धरून ठेवतं, आणि दोन्ही हात मोकळे होतात. सुरीने भोपळा कापताना एक हात सुरीला द्यावा लागतो आणि उरलेल्या एका हातातून भोपळा निसटतो. विळीवर तो दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबता येतो. 'विळ्याभोपळ्याचं सख्य' असं आपण म्हणतो, ते भोपळ्याच्या बाजूने. पात्याला पुढे बाक असतो. त्यामुळे फळ पात्यावर नुसतं दाबलं जात नाही, तिरकं सरकत जातं, आणि सरकत कापलेला काप स्वच्छ निघतो. टोकाला दातेरी खवणी. भाजी चिरून झाली की बैठक न बदलता नारळ खवता येतो. या सगळ्यात एकही भाग शोभेसाठी नाही. तरी विळी जमिनीवर उभी असली की नजर तिच्यावर जातेच.

अडकित्ता बघा. सुपारी भलती कठीण असते, दाताने फुटत नाही. अडकित्त्यात बिजागरी एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये, बिजागरीच्या जवळ. हाताचा दाब तिथे पोचेपर्यंत कितीतरी पटींनी वाढलेला असतो. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर हिंडून दिवे, कुलपं, भांडी, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवल्या. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. तिथे गेलात तर अडकित्त्यांपुढे जरा थांबा. कारागिरांनी दांड्यांवर हौसेने काय काय घडवलंय ते बघा. आणि मग हेही बघा की हौस कितीही असो, बिजागरीच्या जागेशी कुणी खेळ केलेला नाही.

पाणी तापवायचा तांब्याचा बंब तर मला अजूनही चकित करतो. बंबात विस्तव पाण्याच्या खाली नसतो, पाण्याच्या आत असतो. मधून उभी नळी, नळीत जळण, भोवती पाणी. धूर वरून जातो, राख खाली पडते, आणि विस्तवाची धग चारी बाजूंनी पाण्यालाच मिळते.

आणि ते घंगाळावरचे ठोके. त्याला मठारकाम म्हणतात. मला ती नक्षी वाटायची. पुढे कळलं की तांबं ठोकलं की कडक होत जातं. फार कडक झालं तर तडकतं, म्हणून तांबट ते मध्येमध्ये लालसर तापवून मऊ करून घेतो आणि पुन्हा ठोकतो. आकार पुरा झाला की शेवटचे ठोके एकसारखे, एकाशेजारी एक घालतो, आणि त्यानंतर भांडं तापवत नाही. म्हणजे त्या शेवटच्या ठोक्यांचा कडकपणा भांड्यात तसाच राहतो. जी चमक आपण बघतो, ती त्या भांड्याची ताकदच असते. पातळ पत्र्याचं घंगाळ दोन बादल्या पाणी घेऊन पोचत नाही, ते या ठोक्यांमुळे.

हे सगळं पाहून थक्क होणारा मी पहिला नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतभर हिंडून आलेल्या या दोघांना इथली सर्वांत सुंदर वस्तू कोणती वाटली असेल? आपला रोजचा तांब्या, लोटा. असा लोटा आज नव्याने बनवायचा तर काय काय विचार करावा लागेल, याची त्यांनी एक यादीच दिली आहे. किती पाणी मावावं, तो डोक्यावर, कमरेवर की हातात नेणार, भरलेला असताना तोल कुठे असेल आणि रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडेल, आतून घासता येईल का, हाताला कसा लागेल, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येईल. आणि त्यांचं म्हणणं असं की कुणा एका माणसाला हे सुचणं शक्य नाही. पिढ्यान् पिढ्या माणसं थोडं वाढवत, थोडं वगळत गेली, त्यातून लोटा झाला.

त्याही आधी, १९२०च्या दशकात, जपानमध्ये सोएत्सू यानागी हा विचारवंत असंच काही सांगत होता. सौंदर्य शोधायचं तर ते सही केलेल्या चित्रांतच शोधू नका. रोजच्या वापरातल्या, स्वस्त, पुष्कळ संख्येने बनणाऱ्या, अनाम कारागिरांच्या वस्तूंत बघा. तिथे कारागिराचा अहंकार नसतो, म्हणून वस्तू निर्मळ असते. १९३६ साली त्याने टोकियोत अशा वस्तूंचं संग्रहालयच उघडलं.

मी या विचारांच्या प्रेमात होतो. वाईहून परतलो त्याच रात्री मी विळी पुसली, खिडकीतल्या उजेडात ठेवली, फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. खाली काहीतरी लिहिलं, डिझाइन शिकायला परदेशी जायला नको, आजीच्या स्वयंपाकघरात जा, असलं. भरपूर लाइक आले.

सकाळी आईने तो फोटो पाहिला. आपल्या डाव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला. नखाच्या खालून आडवी, पांढरी, जुनी खूण.

"ही तुझ्या डिझाइनची खूण," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा बावीस वर्षांची होते. सणाला वाईला गेलं की बारा-तेरा माणसांची भाजी मी आणि तुझी आत्या या विळीवर बसून चिरायचो. आजीने तर जन्म काढला तिच्यावर. तू किती वेळा बसलास रे?"

एकदाही नाही. बाबा नाही, काका नाही, आजोबा तर नाहीच. आमच्या घरातला एकही पुरुष त्या विळीवर बसलेला नव्हता. तिच्यावर चिरलेलं मात्र सगळ्यांनी खाल्लं होतं.

मग आईने एकेक सांगायला सुरुवात केली. पितळेची भांडी राखेने आणि चिंचेने घासायची. काथ्याने बोटं सोलवटायची. थंडीत वाड्यातल्या मोरीवर पाणी बर्फासारखं. आणि कल्हईची कायमची धास्ती. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की धातू त्यात उतरतो, पदार्थ हिरवट पडतो, त्याला उग्र चव येते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, कळकणं. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. तो वापराने उडतो आणि पुन्हा द्यावा लागतो. एकदा कल्हई उडालेली आईच्या लक्षात आली नाही आणि तिने त्याच पातेल्यात कढी केली. कढी कळकली. आजोबांनी एक घास घेऊन ताट पुढे सरकवलं. बोलले काहीच नाहीत. आई म्हणाली, "बोलले असते तर बरं झालं असतं."

"पुढे मी दोन साड्या बोहारणीला देऊन स्टीलचा एक डबा घेतला," ती म्हणाली. "खरं सांगू? त्या घरात त्याच्याइतकी सुंदर वस्तू मला दुसरी वाटली नव्हती. चिंच नको, कल्हई नको. पुसला की झालं."

मी गप्प बसलो. स्टेनलेस स्टीलबद्दल मला जे माहीत होतं ते वेगळंच होतं. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादाचे प्रयोग करत होता. क्रोमियम घातलेलं एक पोलाद गंजत नाही हे त्याच्या लक्षात आलं. तांबं या स्टीलपेक्षा वीस-पंचवीस पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यात पदार्थ एकसारखा शिजतो आणि स्टीलच्या पातेल्यात खाली लागतो. हे सगळं खरं आहे. पण बंदुकीसाठी शोधलेल्या त्या धातूने माझ्या आईचे हात राखेतून बाहेर काढले, हेही तितकंच खरं आहे. एम्स जोडप्याच्या यादीत लोटा आतून घासता येईल का, हा प्रश्न होता. रोज कोण घासेल, हा प्रश्न नव्हता.

म्हणजे वस्तू सुंदर दिसते की नाही, हे आपण तिच्या कुठल्या बाजूला उभे आहोत यावरही ठरतं. मी ताटाच्या बाजूला होतो. आई मोरीच्या बाजूला होती.

आणि एक तिसरी बाजू राहिलीच, बनवणाऱ्याची. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून त्वष्टा कासार समाजातली माणसं तिथे तांब्याची भांडी घडवत आली. अशा कामाच्या जागी भट्टीची धग असते आणि ठोक्यांचा आवाज असतो. तो आवाज आपण पाच मिनिटं ऐकतो आणि म्हणतो, काय लय आहे! दिवसाचे आठ-दहा तास, तीस-चाळीस वर्षं तो कानाशी घेऊन बसलेल्या माणसाला आपण हे म्हणतो आहोत, हे विसरतो.

विळीची गोष्ट याहून वेगळी. पूर्वी गावोगावी विळे, विळ्या, कोयते घडवायचे ते लोहार, किंवा गावाच्या कडेला पाल टाकून राहणारे घिसाडी. ते काम तुम्ही कधी पाहिलं असेल तर एक गोष्ट लक्षात राहिली असेल. पुरुष तापलेलं लोखंड चिमट्यात धरून बसलेला असतो आणि त्याच्यावर घण घालत असते त्याची बायको. डोक्यावरून घण आणून ती मारते, पुन्हा उचलते. आजीच्या विळीचं पातं असंच कुणी घडवलं असेल, तर ती विळी बाईच्या हाताने ठोकली गेली आणि बाईच्या हाताने वापरली गेली. तिचा फोटो तेवढा पुरुषाने काढला.

इथे मला यानागीशी भांडावंसं वाटतं. अनाम कारागीर, अहंकार नाही, म्हणून निर्मळ. जपानचं मी काही म्हणत नाही. पण आपल्याकडे कारागीर अनाम राहिला तो अहंकार गळून पडला म्हणून नाही. त्याचं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. तांबट, कासार, लोहार, घिसाडी एवढं म्हटलं की काम भागायचं. जात कळली की माणूस कळला, असा तो हिशेब. आपण होऊन नाव मागे ठेवणं ही नम्रता. ज्याला नाव सांगायची सोयच नव्हती, त्याच्या गप्प राहण्याला नम्रता म्हणणं ही आपली सोय.

भांड्यांवर नावं नसतात असं नाही. उलट आपल्याइतकी भांड्यांवर नावं घालणारी माणसं क्वचितच असतील. लग्न, मुंज, वास्तुशांत. कुणी दिलं, कुणाला दिलं, कुठल्या तारखेला दिलं, सगळं काठाखाली ठिपक्यांनी कोरलेलं असतं. फक्त कुणी बनवलं ते नसतं.

मी जे पातेलं परत मागून घेतलं, त्यावर असंच एक नाव आहे. आजीच्या वडिलांनी १९५६ साली तिच्या लग्नात ते दिलं. नवं नाव ठेवायच्या आधीच भांडी कोरून आली असणार, कारण त्यावर तिचं माहेरचं नाव आहे. तीन अक्षरांचं. आम्ही नातवंडांनी ते कधी ऐकलेलंही नव्हतं. रेशन कार्डावर, मतदार यादीत, बँकेच्या पासबुकात, सगळीकडे तिचं सासरी ठेवलेलं नाव. आमच्या घरात तिचं पहिलं नाव फक्त त्या पातेल्यावर उरलं होतं, आणि दुकानदाराने ते तराजूपाशी नेलं होतं. वितळवल्यावर वजनात एका ग्रॅमचाही फरक पडला नसता.

आता प्रश्न असा. हे सगळं कळल्यावर विळी सुंदर आहे असं म्हणायचं की नाही?

एक उत्तर मला मित्रांकडून मिळालं. जी वस्तू जातीच्या आणि बाईच्या कष्टांवर उभी आहे तिचं कसलं कौतुक? द्या मोडीत. या उत्तरात राग आहे आणि तो खरा आहे. आईसुद्धा काही अंशी हेच म्हणत होती, आणि तिला तसं म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. पण मी किंवा माझे मित्र हे म्हणतो तेव्हा त्यात एक गफलत होते. विळीचा बाक, बिजागरीची जागा, मठारचा शेवटचा ठोका ही त्या माणसांची बुद्धी आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही, नाव मिळालं नाही, त्यांनी जे डोकं चालवलं ते आपल्यापर्यंत या वस्तूंतूनच पोचलं आहे. त्यांच्या वस्तूत शोषणाशिवाय काही नाही असं आपण म्हणालो, तर आपणही तेच करतो जे दुकानदाराने केलं. मजुरी शून्य धरतो.

दुसरं उत्तर शोकेसचं. घासून-पुसून, लाखेचा थर देऊन दिवाणखान्यात ठेवा. घंगाळात फुलं तरंगवा. बंबावर झाड लावा. वस्तू वाचते, हे खरं. केळकरांनी आयुष्य वेचून जे जमवलं ते नसतं तर आपल्याला कितीतरी गोष्टी बघायलाही मिळाल्या नसत्या. संग्रहालय ते काम करतं आणि ते त्यानेच करावं. पण माझ्या घरातला शोकेस हे संग्रहालय नाही. तिथे वस्तूचं काम काढून घेतलेलं असतं आणि दिसणं तेवढं ठेवलेलं असतं. कष्ट गेले, कष्टांची आठवणही गेली, फोटो उरला. म्हणजे इथेही मजुरी धरलेली नाही.

मोठ्या पातळीवरही असंच होऊ शकतं. पंजाबात अमृतसरजवळ जंडियाला गुरू इथे ठठेरे लोक पितळ-तांब्याची भांडी ठोकून बनवतात. २०१४ साली युनेस्कोने त्यांच्या या कलेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. चांगलंच झालं. पण यादीत नाव आलं म्हणून भट्टीची धग कमी होत नाही. मान दिला तर त्याबरोबर भावही द्यायला हवा. मॉलमध्ये तांब्याच्या बाटलीवर छापलेली किंमत न बोलता देणारे आपण, आळीतल्या माणसासमोर उभे राहिलो की आपली जीभ आपोआप घासाघीस करायला लागते.

मग मजुरी धरणं म्हणजे काय? माझ्यापुरतं मी उत्तर काढलं आहे, ते फार मोठं नाही. ज्या अवजाराचं कौतुक करायचं, त्याच्या कामातला थोडा वाटा आपण उचलायचा. बनवणाऱ्याला पुरी मजुरी द्यायची. दुरुस्ती करत राहायची. वापरताना जे कष्ट पडतात ते दुसऱ्याच्या अंगावर टाकून स्वतः फक्त बघत बसायचं नाही. एवढं करणार असू तर 'काय सुंदर आहे' असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. नाहीतर गपचूप स्टील वापरावं. त्यातही कमीपणा काही नाही.

विळीवर बसायला लागून आता चार महिने झाले. पहिल्या आठवड्यात गुडघे धरले. पातं बोथट होतं. धार लावणारा सायकल घेऊन यायचा तो हल्ली येत नाही, त्याला शोधत मंडईपर्यंत गेलो. कांद्याचे काप एक जाड, एक पातळ असे पडायचे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. "बोटं आत घे. आत. अंगठा पात्याच्या मागे ठेव." एक गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. विळीवर बसून फोन बघता येत नाही. दोन्ही हात पात्यापाशी असतात, एक पाय पाटावर असतो, आणि मन दुसरीकडे गेलं की पातं लगेच आठवण करून देतं. पंधरा मिनिटं आपण फक्त गवार चिरत असतो. मला हे छान वाटतं, कारण माझ्यावर सक्ती नाही. आजीवर होती. हा फरक विसरायचा नाही, असं मी रोज बसताना स्वतःला सांगतो.

गुडघ्यांचं गाऱ्हाणं ऐकून आई म्हणाली, "ओट्यावर ठेवायच्या विळ्या मिळतात की आता. उभ्याने चिरायच्या." म्हणजे कुणातरी कारागिराने बायकांचे गुडघे लक्षात घेतले होते. लोट्यासारखंच, थोडं बदलत, थोडं वगळत. जुन्या वस्तूला हात न लावणं म्हणजे तिचा मान राखणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

पातेल्याला कल्हई करून आणली. कल्हईवाला शोधायला तीन रविवार गेले. त्याने पातेलं भट्टीवर तापवलं, आत नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी नुसती टेकवली. कथील २३२ अंशांवर वितळतं, धातूंमध्ये हे फारच लवकर. कापसाच्या बोळ्याने त्याने ते भरभर फिरवलं आणि काळपट पातेल्यात आतून चांदणं पडल्यासारखं झालं. पाण्यात बुडवलं, चर्र आवाज झाला, संपलं. मी काठाखालचं नाव दाखवून विचारलं, हे जाणार नाही ना? म्हणाला, "नाव बाहेरून आहे. कल्हई आतून. आपली कल्हई जाईल, नाव राहील."

त्याने सांगितली तेवढी मजुरी मी दिली. आणि घरी येताना त्याचंच बोलणं डोक्यात घोळत होतं. कल्हई, घासणं, स्वयंपाक. जी कामं पुन्हा पुन्हा करावी लागतात, ती मागे खूण ठेवत नाहीत. खूण नाही म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणून मजुरीही कुणी धरत नाही.

त्या रविवारी त्या पातेल्यात कढी केली. मी केली. कळकली नाही. आईने दुसऱ्यांदा घेतली. बाबांनी वाटी तोंडाला लावून संपवली आणि म्हणाले, "पितळेच्या पातेल्यातली चव काही वेगळीच असते."

आई म्हणाली, "हो. घासणार कोण?"

चिंच मी सकाळीच भिजत घातली होती. बाबांकडे बघितलं. ते काही क्षण बसून राहिले आणि मग बाह्या वर सारून उठले.